विकलेलं नाणं परत येतं का?



आपल्या रेडिओवर आम्ही बचत गटाच्या समन्वयक दर वेळी एखादा व्यवहाराचा विषय घेऊन येतो. कर्जाचा हप्ता, शेळ्यांचं लसीकरण, सातबाऱ्यावर बाईचं नाव, असं बरंच काही बोलून झालं. आजचा विषय जरा वेगळा आहे. आज बोलायचं आहे जुन्या नाण्यांविषयी. नाणी जमवणारे लोक कधी तरी अडचणीत आपलं नाणं विकतात, मग वर्षानुवर्षं हळहळत राहतात, आणि एखाद्याला ते नाणं परतही मिळतं. हे कसं होतं, ते आज ऐकू या.

तुम्ही म्हणाल, नाणी जमवणं हा रिकाम्या माणसाचा छंद, आपला काय संबंध? जरा आठवून बघा. लक्ष्मीपूजनाच्या तबकात ठेवायला राणीछाप रुपया कोणाच्या घरात निघतो? देव्हाऱ्यात हळदीकुंकवाखाली काळं पडलेलं तांब्याचं नाणं कोणाकडे आहे? सासूबाईंच्या पेटीत, जुन्या लुगड्याच्या घडीत, पुतळ्यांची माळ कोणी पाहिली आहे? आमच्या अंदाजानं ऐकणाऱ्यांपैकी पुष्कळ जणींनी मनातल्या मनात हात वर केला असेल. आणि यातलं काहीतरी विकून बसलेल्या बायाही कमी नसतील.

आमच्या ग्रामसंघाच्या मासिक बैठकीत आम्ही मागे एका निवृत्त शिक्षकांना बोलावलं होतं. आम्ही त्यांना सरच म्हणतो. चाळीसेक वर्षं त्यांनी नाणी जमवली आहेत. पगारातून दहा-वीस रुपये बाजूला टाकून, बाजारात मोडीच्या ढिगातून, भांडीवाल्याकडून, सराफाच्या गल्ल्यातून एकेक नाणं त्यांनी मिळवलं. आम्हाला वाटलं, सर नाण्यांची माहिती सांगतील. त्यांनी सांगितली ती विकलेल्या नाण्यांची गोष्ट. ते म्हणाले, "जवळ आहेत त्या नाण्यांची आठवण मला रोज येत नाही. गेलेल्यांची येते."

पहिलं नाणं होतं चांदीचं, जेमतेम दोन ग्रॅमचं, बोटाच्या नखावर मावेल एवढं. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी आपल्या भागावर नहपान नावाचा क्षत्रप राजा राज्य करत होता. त्याच्या नाण्यावर एका बाजूला त्याचा चेहरा असायचा, दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र. पुढे सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी यानं नहपानाचा पराभव केला. पराभव केल्यावर त्यानं जुनी नाणी वितळवली नाहीत. त्याच नाण्यांवर त्यानं स्वतःचा ठसा मारला. एका बाजूला तीन कमानींचा डोंगर, दुसऱ्या बाजूला चार वर्तुळं जोडलेलं चिन्ह. खाली जुन्या राजाचं नाक दिसतंय आणि वर नव्या राजाचा डोंगर, अशी ती नाणी झाली. नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभी इथं १९०६ मध्ये अशा नाण्यांचा मोठा साठा सापडला. तेरा हजारांहून जास्त नाणी होती, आणि त्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्रानं आपला ठसा मारलेला होता. लढाई कोण जिंकलं हे सांगायला पोथी नको, नाणंच सांगतं.

तर असं एक नाणं सरांकडे होतं. घराचं बांधकाम काढलं, स्लॅब टाकायला पैसे कमी पडले, आणि सरांनी ते नाणं एका व्यापाऱ्याला दिलं. स्लॅब झाला, घर झालं. सर म्हणाले, "घर बांधल्याचं दुःख नाही. पण पहिल्या पावसात स्लॅबखाली उभा राहिलो, आणि मला ते नाक आठवलं."

त्यानंतर जवळजवळ चौदा वर्षांनी ते पुण्याला नाण्यांच्या प्रदर्शनात गेले. अशा प्रदर्शनात व्यापारी टेबलं मांडून बसतात, संग्राहक फिरत असतात, देवघेव चालू असते. एका टेबलावर त्यांना ते नाणं दिसलं. डोंगराची टोकं बरोबर राजाच्या कानावर आलेली, कडेला तांदळाच्या दाण्याएवढी चीर. मन म्हणत होतं की हे तेच, पण मनाचं कोण ऐकणार? सरांच्या जुन्या वहीत त्या नाण्याची पेन्सिलनं घासून काढलेली छाप होती. ती वही त्यांनी घरून मागवली आणि व्यापाऱ्यासमोर उघडली. दोघांनी भिंग लावून पाहिलं. चीर जुळली, कान जुळला. व्यापारी भला माणूस होता, पण धंद्याला बसलेला. किंमत त्यानं सोडली नाही. विकलं त्याच्या कितीतरी पट जास्त मागितली. शेवटी सरांनी स्वतःकडची दुसरी दोन नाणी दिली आणि ते एक सोडवून आणलं.

ही झाली परत आलेल्या नाण्याची गोष्ट. आता न आलेल्याची ऐका.

शिवाजी महाराजांची तांब्याची शिवराई तुम्हाला ठाऊक आहे. एका बाजूला तीन ओळींत 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. महाराजांनंतरही पुढच्या काळात शिवराई पाडली जात राहिली आणि इंग्रज आल्यावरही ती खेड्यापाड्यांत चालत होती. त्यामुळे तिचे प्रकार फार. कुठे अक्षर ऱ्हस्व, कुठे दीर्घ, कुठे अक्षरांमध्ये एकाऐवजी दोन रेघा, तिला दुदांडी म्हणतात. घण मारणारा कारागीर निराळा, तशी अक्षराची वळणं निराळी. सरांकडे पुष्कळ शिवराया होत्या. एकसारख्या दिसतात म्हणून त्यांनी त्यातल्या तीसेक एकगठ्ठा विकल्या. पुढे अभ्यास वाढला तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की त्या गठ्ठ्यात एकीवरचं अक्षर वेगळं होतं, तशी दुसरी त्यांना आजवर दिसलेली नाही. पण त्या तिसांची ना छाप घेतलेली, ना वजन लिहिलेलं, ना घेणाऱ्याचं नाव. आता ती समोर आली तरी ओळखायची कशी? सर म्हणाले, "पहिलं नाणं हरवलं होतं. हे तर माझ्याकडे होतं याचाही पुरावा नाही."

बैठकीत एक काकू चटकन बोलल्या, "म्हणजे बैल गेला अन् झोपा केला!" सगळ्या हसलो. सरही हसले.

मैत्रिणींनो, हे फक्त छोट्या माणसाचं होतं असं नाही. थोरामोठ्यांचंही असंच. जहांगीर बादशहानं १६१३ मध्ये आग्र्याला सोन्याची एक मोहर पाडली. तिचं वजन किती असेल? एक हजार तोळे, म्हणजे जवळजवळ बारा किलो. आपल्या घरातल्या जेवायच्या ताटलीएवढी ती मोहर. फिरत फिरत ती हैदराबादच्या निजामाच्या घराण्याकडे आली. १९८७ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या जिनिव्हा शहरात तिचा लिलाव होणार अशी बातमी आली आणि आपल्याकडे खळबळ उडाली. सीबीआयनं तपास केला. पण मोहर सरकारच्या हाती आली नाही आणि आज ती कुठे आहे याचा पत्ता नाही. बारा किलो सोनं, आणि पत्ता नाही!

दुसरं उदाहरण परत आलेल्या नाण्याचं. रोममध्ये ख्रिस्तपूर्व ४४ मध्ये जूलियस सीझरचा खून झाला. मारेकऱ्यांत ब्रूटस होता. त्यानं पुढे त्या खुनाची फुशारकी मारणारी नाणी पाडली, वर दोन खंजीर कोरलेले. त्यातलं एक सोन्याचं नाणं २०२० मध्ये लंडनच्या लिलावात बत्तीस लाखांहून जास्त पौंडांना विकलं गेलं. पुढे तपासात निघालं, की नाणं कुठून आलं हे सांगणारे कागद खोटे होते. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या अधिकाऱ्यांनी ते नाणं ग्रीस देशाला परत केलं. इतक्या मोठ्या किमतीचा सौदा कागदांपाशी येऊन फिरला. खऱ्या नोंदीनं सरांचं नाणं घरी आलं, आणि खोट्या नोंदीमुळे त्या श्रीमंत खरेदीदाराच्या हातून नाणं गेलं.

आता तुम्हाला प्रश्न पडला असेल, एका छापाची हजारो नाणी असतात, मग एखादं नेमकं ओळखू कसं येतं? आजचा आपला रुपया यंत्रातून पडतो, एकासारखा एक. जुनं नाणं तसं नव्हतं. धातूचा तुकडा खालच्या ठशावर ठेवायचा, वर दुसरा ठसा धरायचा आणि घणाचा घाव घालायचा. आपण भाकरी थापतो तेव्हा दोन भाकरी एकसारख्या होतात का? कुठे कड जाड, कुठे चिरलेली. तसंच ते. कुठे ठसा मधे बसला, कुठे सरकला, कुठे अर्धं अक्षर बाहेर गेलं. शिवाय चांदी खरी का खोटी हे पाहायला सराफ नाण्यावर बारीक खूण ठोकायचे, तिला सुलाख म्हणतात. या सगळ्यांमुळे प्रत्येक जुन्या नाण्याला स्वतःचा चेहरा असतो. संग्राहक वीस वर्षांनी ओळखतो ते या चेहऱ्यावरून.

आणि आपल्या घरातली नाणी? त्यातले राणीछाप कलदार रुपये यंत्रावरचे, म्हणजे मुळात एकसारखेच. पण घरात राहून त्यांनाही खुणा पडतात. माळेत ओवायला डाख देऊन कडी बसवलेली असते. बाळाच्या गळ्यात घालायला भोक पाडलेलं असतं. नाणी जमवणारा अशा नाण्याला कमी किंमत देतो, कारण त्याच्या दृष्टीनं ते बिघडलेलं. पण आपलं नाणं ओळखायला तीच खूण उपयोगी पडते.

पुतळ्यांची गंमत तर आम्हालाही बैठकीतच कळली. पुतळी मुळात इटलीतल्या व्हेनिस शहराचं सोन्याचं नाणं. व्यापारी ते घेऊन इकडे यायचे. त्याच्यावर त्यांच्या संताची आणि गुडघे टेकून बसलेल्या त्यांच्या राज्यप्रमुखाची आकृती होती. आपल्या बायकांनी त्या आकृत्यांना आपल्या देवादिकांचे चेहरे दिले, सोन्याची पारख केली आणि नाणी गळ्यात घातली. नंतर आपल्या सोनारांनी तशाच पुतळ्या घडवायला सुरुवात केली. म्हणजे परदेशी नाणी जमवायचा छंद आपल्या आज्या-पणज्यांनाही होता म्हणायचा, फक्त त्यांनी तो अंगावर घातला.

आता आपल्या गावातल्या दोन गोष्टी सांगतो. नावं सांगत नाही.

एका आजींकडे त्यांच्या आईनं दिलेले आठ कलदार होते, सगळ्यांना कड्या लावलेल्या. आजी दहा दिवस लेकीच्या बाळंतपणाला गेल्या. इकडे मुलाला बियाण्याची नड पडली. त्यानं आठही रुपये बाजारच्या गावी नेऊन वजनावर मोडले. आजी परत आल्या, संक्रांतीला पेटी उघडली, तर चिंधी रिकामी. मुलगा वाईट नव्हता. तो म्हणाला, "आई, घरासाठीच मोडले." आजी आम्हाला म्हणाल्या, "मागितले असते तर मीच हातात ठेवले असते. मला विचारलं नाही गं." आमच्या गटातल्या दोघी आजींबरोबर त्या सराफाकडे गेल्या. सहा रुपये आटवून झाले होते. दोन गल्ल्यात होते. आजींनी कडीवरूनच ओळखले, एकीची कडी तांब्याची होती. सराफानं त्या दिवसाच्या चांदीच्या भावानं पैसे घेतले आणि दोन रुपये परत दिले. आजींनी शेळी विकून ठेवलेल्या पैशांतून ते भरले. आठातले दोन आले. गेलेल्या सहांचं त्या आजही बोलतात, पण पैशाचं बोलत नाहीत.

मैत्रिणींनो, इथं एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. लग्नात, सणावाराला, माहेरून बाईला जे मिळतं ते तिचं स्त्रीधन आहे. ते ठेवायचं का मोडायचं हे ठरवायचा हक्क तिचा. घरची नड खरी असली तरी तिला विचारल्याशिवाय पेटीला हात लागता कामा नये. आणि हे सुनेला लागू तसं सासूलाही लागू.

दुसरी गोष्ट गेल्या जूनची. गटातल्या एका ताईंच्या मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला. फी भरायला चार दिवस होते. ताईंनी सासूबाईंकडून आलेले अकरा रुपये मोडायचं ठरवलं. मोडायच्या आदल्या दिवशी त्यांनी ते बैठकीत आणले. सरांना फोन लावला. सतरंजीवर पांढरं फडकं अंथरून आम्ही नाणी मांडली आणि सहावीतल्या एका मुलीनं वर्षं वाचून दाखवली.

तेव्हा जे कळलं ते तुम्हीही लिहून घ्या. व्हिक्टोरिया राणीचा, सातव्या एडवर्डचा आणि पाचव्या जॉर्जचा रुपया एक तोळ्याचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा असतो. त्यात बारा भागांतले अकरा भाग चांदी, म्हणजे शुद्ध चांदी सुमारे १०.७ ग्रॅम. सहाव्या जॉर्जच्या रुपयात १९४० पासून चांदी निम्म्यावर आणली. आणि १९४७ चा रुपया तर निकेलचा, त्यात चांदी मुळीच नाही. ताईंच्या अकरांत एक निकेलचा निघाला, तीन निम्म्या चांदीचे आणि सात पूर्ण चांदीचे. सगळे एकत्र तराजूत टाकले असते तर कोण फसलं असतं, सराफ की ताई, हे तराजूच जाणे!

आणखी एक वर्ष लक्षात ठेवा, १९११. त्या वर्षीच्या पाचव्या जॉर्जच्या रुपयावर राजाच्या झग्यावर हत्तीचं चित्र होतं. सोंड इतकी आखूड निघाली, की तो हत्ती डुकरासारखा दिसतो असा बोभाटा झाला. लोक ते नाणं घेईनात. चौऱ्याण्णव लाख रुपये पाडले होते, त्यातले सात लाखच बाहेर पडले होते. सरकारनं बाकीचे आटवले आणि पुढच्या वर्षी हत्तीची सोंड नीट काढली. त्यामुळे १९११ चा रुपया आज कमी दिसतो आणि जाणकार त्याला चांदीपेक्षा बरीच जास्त किंमत देतो. असा रुपया वजनावर देऊन बसलेले संग्राहकही आहेत, मग आपली काय कथा!

ताईंच्या नाण्यांत १९११ चा काही निघाला नाही. चमत्कार घडला नाही. पण गटानं त्याच बैठकीत ठराव केला आणि अंतर्गत कर्जातून फीचा पहिला हप्ता दिला. नाणी फडक्यात बांधून घरी गेली. ताई दर महिन्याला कर्ज फेडत आहेत. त्यांनी ठरवलं आहे, की पुढच्या हप्त्याला लागलंच तर सहाव्या जॉर्जचे तीन आधी मोडायचे, आणि सासूबाईंच्या हातची व्हिक्टोरिया शेवटपर्यंत ठेवायची. हे आम्हाला आवडलं. ठेवायचं काय आणि सोडायचं काय, हे त्यांनी घाईत नाही, बसून ठरवलं.

म्हणून आम्ही असं म्हणत नाही, की काहीच विकू नका. दवाखाना समोर उभा असेल तर नाणं काय, दागिनाही मोडावा लागतो. माणसापेक्षा नाणं मोठं नाही. पण गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, त्या गरजेच्या दिवशी डोकं चालत नाही. म्हणून डोकं आधीच चालवून ठेवायचं. कसं, ते सांगतो.

एक, नाणं घासू नका. चिंच, लिंबू, राख, पितांबरी काहीही लावू नका. तांब्यावर चढलेला काळसर-हिरवट रंग हा त्याच्या वयाचा पुरावा असतो. चकचकीत केलेल्या जुन्या नाण्याची किंमत उतरते, आणि अक्षरं झिजतात ती कायमचीच. पूजेला ठेवलंत तर नंतर साध्या सुती फडक्यानं टिपा, बस्स.

दोन, वही करा. नाण्यावर पातळ कागद ठेवा आणि पेन्सिल आडवी धरून हलकेच घासा, छाप उमटते. दोन्ही बाजूंची घ्या. मोबाइलवर फोटो काढा, शेजारी मोजपट्टी ठेवा. किराणा दुकानातल्या छोट्या काट्यावर वजन करा. कडी, भोक, चीर, सुलाख जे दिसेल ते लिहा. आणि एक ओळ सगळ्यात महत्त्वाची: हे कोणी कोणाला, कधी दिलं. ही ओळ सराफाला नको असते, संग्राहकालाही बऱ्याचदा मिळत नाही. ती फक्त तुम्हीच लिहू शकता, आणि घरातली म्हातारी माणसं आहेत तोवरच.

तीन, विकायची वेळ आली तर दोन ठिकाणी विचारा. सराफ धातूची किंमत सांगेल. नाणं म्हणून त्याची किंमत काय, हे जाणकाराला विचारा. नाशिकहून त्र्यंबकेश्वरला जाताना अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे, तिथं नाण्यांचं संग्रहालय पाहायला मिळतं. मुंबईत रिझर्व्ह बँकेचं नाण्यांचं संग्रहालय आहे. सहलीला गेलात तर मुलींना आवर्जून दाखवा. आपल्यासारखं नाणं काचेत पाहिलं की घरच्या नाण्याकडे बघायची नजर बदलते.

चार, विकताना पावती घ्या. नुसतं 'चांदी अमुक ग्रॅम' असं नको. कोणती नाणी, किती, कोणत्या वर्षाची, हे लिहून घ्या. घेणाऱ्याचं नाव आणि फोन नंबर वहीत टिपा. आणि सांगून ठेवा, "पुढे विकायचं झालं तर आधी आम्हाला विचारा." सर म्हणाले, जी नाणी परत येतात त्यातली निम्मी या एका वाक्यामुळे येतात. सगळे लोक शब्द पाळत नाहीत, पण न सांगितलेला शब्द तर कोणीच पाळत नाही.

आता दोन सावधगिरीच्या गोष्टी.

मोबाइलवर जाहिरात येते, की अमुक जुना रुपया असेल तर लाखो मिळवा. फोन केला की गोड बोलतात, रिझर्व्ह बँकेचं नाव घेतात, आणि म्हणतात आधी कर भरा, कमिशन भरा, मग पैसे खात्यात येतील. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केलं आहे, की जुन्या नोटा-नाण्यांच्या अशा व्यवहारात बँक नसते, ती कोणाकडून पैसे मागत नाही आणि तिच्या नावानं पैसे घ्यायची परवानगी तिनं कोणालाही दिलेली नाही. विकणाऱ्यानंच आधी पैसे भरायचे, हा कुठला बाजार? असा फोन आला तर ठेवून द्या. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या नंबरवर तक्रार करा.

दुसरी सावधगिरी जमिनीतल्या नाण्यांची. विहीर खणताना, शेततळ्यावर, रोजगार हमीच्या कामावर कधी मडकं लागतं. ते वाटून घ्यायचं नसतं आणि लपवायचंही नसतं. १८७८ पासून निखात निधीचा कायदा आहे. जमिनीत लपलेली दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची ठेव सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. गावात तलाठ्याला किंवा तहसीलदारांना सांगून लेखी द्या, आणि पोच घ्या. कळवलं तर सापडवणाऱ्याचा हक्क कायद्यानं मानला आहे. धन्याचा पत्ता नाही असं ठरलं तर वाटणीत तीन चतुर्थांश सापडवणाऱ्याचे आणि राहिलेलं जमीनमालकाचं. सरकारला ठेव हवी असेल तर सरकार मोबदला देऊन घेतं. लपवलं तर वाटाही जातो आणि शिक्षाही होते. आणि मडकं फोडून नाणी पांगली, आटली, की ती कोणाला कधीच परत मिळत नाहीत, ना तुम्हाला, ना गावाला. तसंच, शंभर वर्षांवरची नाणी १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येतात. ती कोणी परदेशात पाठवतो म्हणाला तर त्याच्या नादी लागू नका.

मैत्रिणींनो, नाणेघाटात सातवाहनांची राणी नागनिका हिचा मोठा लेख कोरलेला आहे. दोन हजार वर्षांपूर्वीची बाई, पण तिनं काय दान दिलं, किती दिलं, हे तिथं आकड्यांसकट लिहिलेलं आहे. गायी किती, नाणी किती, सगळं. राणीनं सुद्धा नोंद ठेवली होती. आपली अकरा नाणी असोत की एक, दोन रुपयांच्या वहीचं पान आपल्यालाही परवडतं.

पुढच्या मासिक बैठकीला गटातल्या प्रत्येकीनं घरी विचारून यायचं आहे: जुनं नाणं आहे का, कोणाचं आहे, कोणी दिलं? नाणी बैठकीला आणायची गरज नाही, ती घरीच सांभाळून ठेवा. कागदावरची छाप आणा. छाप घ्यायला नातीला बसवा, आणि ती कागद घासत असताना आजीला बोलतं करा. ज्यांची नाणी विकून झाली आहेत त्यांनीही या. काय होतं, कसं दिसत होतं, कुठे दिलं, एवढं आठवेल तेवढं आम्ही लिहून घेऊ. आजींचे दोन रुपये असेच सापडले होते.

पुढच्या वेळी भेटू, तेव्हा बोलू पीकविम्याच्या कागदांबद्दल. तोपर्यंत आम्हा सगळ्यांचा नमस्कार.